शांत आहे की माहीत नाही?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला जेवणाच्या आधीची वेळ दिली आहे. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत असताना ज्वालामुखीवर बोलणे हे काम तसे जोखमीचेच आहे. पण मी आयुष्यभर भूकंपमापकाच्या रेघा वाचल्या. त्यातली बरीच वर्षे अलास्कातल्या, म्हणजे माणसांच्या वस्तीपासून शेकडो मैल दूर असलेल्या ज्वालामुखींच्या नोंदींवर गेली. त्यामुळे ‘तू नक्की काय करतोस रे?’ या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या वर्गमित्रांना चाळीस वर्षे देणे लागतो. ते आज देऊन टाकतो.

आधी एक प्रश्न निकालात काढू. गावी आलो की तो हमखास विचारला जातो : ‘आपला सह्याद्री ज्वालामुखीतून झालाय म्हणतात. मग तो पुन्हा फुटेल का?’ पहिला भाग खरा आहे. आपण बसलो आहोत त्या सभागृहाची काळी दगडी भिंत बसाल्टची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. घाटातून एसटीने येताना डोंगराला ज्या पायऱ्यापायऱ्या दिसतात, ते हेच थर. पण ती भट्टी केव्हाच विझली. ज्या खोलवरच्या उष्णतेतून हा लाव्हा आला, तिच्यापासून आपला भूखंड सरकत सरकत हजारो किलोमीटर दूर आला आहे. तेव्हा सह्याद्री फुटणार नाही, निश्चिंत असा. आपल्यातल्या ज्येष्ठांना ११ डिसेंबर १९६७ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवत असेल. त्याचाही ज्वालामुखीशी संबंध नाही.

भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच आहे आणि तो आपल्यापासून फार लांब आहे. अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन नावाचे बेट आहे. जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचे. माणूस तिथे राहत नाही. कधीकाळी सोडलेल्या शेळ्यांचे वंशज मात्र राहतात. आपल्याला दिसते ते बेट म्हणजे डोंगराचा फक्त माथा. बाकीचा सगळा डोंगर पाण्याखाली आहे. त्याच्या उद्रेकांच्या नोंदी १७८७पासून मिळतात. १८३२नंतर तो गप्प झाला. एक पिढी, दोन पिढ्या, पाच पिढ्या गेल्या. आम्ही या शाळेत भूगोल शिकत होतो तेव्हा तो झोपलेलाच समजला जाई. आणि १९९१मध्ये, दीडशेहून अधिक वर्षांनी, तो उठला. त्यानंतर अनेकदा उठला. २०२५च्या सप्टेंबरातही त्याच्या बातम्या आपण वाचल्या.

जानेवारी २०१७ची गोष्ट तर आपल्या शेजारच्या माणसांची आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक ‘सिंधू संकल्प’ या जहाजावरून त्या भागात समुद्रतळाचे नमुने गोळा करत होते. पथकाचे नेतृत्व अभय मुधोळकर करत होते. २३ जानेवारीला ज्वालामुखी अचानक राख ओकू लागला. त्यांनी जहाज सुमारे एक मैलावर नेऊन निरीक्षण केले. पाच-दहा मिनिटांचे लहान लहान उद्रेक होत होते. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत. सूर्य मावळल्यावर मात्र तोंडातून उडणारी लाल कारंजी आणि उतारावरून वाहणारा लाव्हा दिसू लागला. डोंगर तोच, उद्रेकही तोच; पण दिवसा पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसली आणि रात्री पाहणाऱ्याला दुसरी.

यावर कुणी म्हणेल, जिथे माणूसच राहत नाही तिथला डोंगर फुटला काय आणि न फुटला काय! हा प्रश्न रास्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी बहुतेक सरकारेही असाच विचार करत. त्याचे उत्तर जमिनीवर नाही, आकाशात आहे.

२४ जून १९८२च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट क्वालालंपूरहून पर्थकडे निघाले होते. जावा बेटावरचा गालुंगुंग ज्वालामुखी त्या वेळी राख ओकत होता. विमान त्या ढगात शिरले आणि काही मिनिटांत त्याची चारही इंजिने बंद पडली. विमानात २५०हून अधिक माणसे होती. विमान घरंगळल्यासारखे खाली येत राहिले. राखेतून बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि वैमानिकांनी ते जाकार्ताला उतरवले. समोरची काच राखेने इतकी घासली गेली होती की तिच्यातून नीट दिसत नव्हते.

पुढे १५ डिसेंबर १९८९. या वेळी केएलएम कंपनीचे जंबो जेट आणि अलास्कातला रेडाउट ज्वालामुखी. पुन्हा चारही इंजिने बंद. विमान काही हजार फूट कोसळले, इंजिने सुरू झाली, ते अँकरेजला सुखरूप उतरले. माणसे वाचली, पण सहा महिनेही न वापरलेल्या त्या विमानाच्या दुरुस्तीचा खर्च कोट्यवधी डॉलरमध्ये गेला.

असे का होते? ज्वालामुखीची राख आपल्या चुलीतल्या राखेसारखी नसते. ती जळालेल्या वस्तूची राखच नव्हे. ती दगडाची आणि काचेची वस्त्रगाळ पूड असते. जेट इंजिनाच्या आतले तापमान त्या काचेला वितळवण्याइतके असते. काच वितळते, पुढच्या पात्यांवर जाऊन चिकटते आणि हवेचा मार्ग तुंबतो. इंजिन बंद पडून थंड झाले की हा थर तडकून सुटतो, म्हणून ते पुन्हा चालू होऊ शकते. बरे, हा ढग विमानातल्या हवामानाच्या रडारला दिसत नाही, कारण ते रडार पावसाचे थेंब शोधते आणि राख कोरडी असते. रात्री तर वैमानिकाला साधा ढग आणि राखेचा ढग यांतला फरक डोळ्यांनीही कळत नाही.

आता जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. अलास्कापासून अल्यूशियन बेटांची माळ सुमारे २,५०० किलोमीटर पश्चिमेकडे गेली आहे. इतिहासकाळात उद्रेक झालेले पन्नासहून अधिक ज्वालामुखी या प्रदेशात आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या पायथ्याशी गाव नाही, रस्ता नाही, वीज नाही. पण आशिया आणि अमेरिका यांच्यामधला हवाई मार्ग त्यांच्या डोक्यावरून जातो. इथे बसलेल्या कितीतरी जणांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. कुणी टोकियोमार्गे गेला असेल, तर त्याच्या खिडकीखालून यांतले काही डोंगर सरकले असण्याची शक्यता आहे. पायी जाणाऱ्याला दुर्गम असलेली जागा विमानाला दुर्गम नसते. म्हणूनच आज जगात नऊ केंद्रे फक्त ज्वालामुखीच्या राखेच्या सूचना देण्याचे काम करतात. आपल्या बॅरन बेटावर राख उडाली की वैमानिकांसाठी सूचना निघते ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधून.

आता, जिथे जाता येत नाही त्या डोंगराची नाडी पाहायची कशी? वैद्यासारखीच, चार-पाच लक्षणे एकत्र बघून.

पहिले लक्षण भूकंपाचे. शिलारस वर येताना खडक फोडत येतो, त्याचे बारीक बारीक भूकंप होतात. माणसाला ते जाणवतही नाहीत. द्रव आणि वायू फटींतून सरकू लागले की वेगळीच संथ नोंद उमटते, आणि कधीकधी उकळत्या पाण्याच्या पातेल्यासारखी सलग घरघर सुरू होते. माझे आयुष्य ही घरघर ऐकण्यात गेले.

दुसरे लक्षण सुजेचे. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेने फुगते, तसा डोंगर आतल्या शिलारसाने फुगतो. फक्त हे फुगणे काही मिलिमीटर, काही सेंटिमीटर इतकेच असते. ते जीपीएस, उताराचा कल मोजणारी उपकरणे आणि उपग्रहावरची रडार मोजतात.

तिसरे लक्षण श्वासाचे. सोड्याची बाटली उघडताना आधी वायू फसफसतो, तसा शिलारस पृष्ठभागाजवळ आला की त्यातला सल्फर डायऑक्साईड बाहेर पडतो. तो किती टन निघतो आहे, हे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने दुरूनही मोजता येते.

चौथे लक्षण तापाचे. उपग्रह रोज वरून जातात आणि बर्फातला एखादा गरम ठिपका टिपतात. ढग नसतील तर! अल्यूशियनमध्ये ढग नसलेला दिवस म्हणजे आपल्याकडे आषाढात कोरडा गेलेला दिवस.

आणि पाचवे लक्षण आवाजाचे. स्फोटाचा जो आवाज मानवी कानाला ऐकू येण्याच्या खालच्या पट्टीत असतो, तो खास उपकरणे शेकडो किलोमीटरवरून ऐकतात. राखेच्या ढगात विजा कडाडतात, त्याही मोजल्या जातात.

ही उपकरणे डोंगरावर नेऊन ठेवणे हे मात्र पुस्तकात नसलेले काम. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने मिळतात. हेलिकॉप्टर हवामान बरे असेल त्या दिवशीच उडते. कितीतरी दिवस तंबूत बसून आभाळाकडे बघण्यात जातात. जमिनीत खड्डा करून भूकंपमापक पुरायचा, शेजारी एक लहानशी फायबरची खोपटी, तिच्यात बॅटऱ्या, वर सौरपट्ट्या आणि एक अँटेना. अँटेना दुसऱ्या डोंगराकडे संदेश पाठवते, तो डोंगर तिसऱ्याकडे, आणि असे करत नोंद शेकडो मैलांवरच्या कार्यालयात त्याच क्षणी पोहोचते. हिवाळ्यात या खोपटीवर हातभर बर्फ साचतो. सूर्य जेमतेम दिसतो, म्हणून बॅटऱ्यांवरच महिनेच्या महिने काढायचे. उन्हाळ्यात अस्वले येतात. अस्वलांना केबल चावायला फार आवडते. एका ठिकाणचे अख्खे खोपटे अस्वलाने उलटेपालटे केलेले मी पाहिले आहे. बॅटरी सोडून सगळे त्याने चाखून बघितले होते.

हे सगळे करायचे कारण विनोदी नाही. १४ जानेवारी १९९३ला कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीच्या विवरात अभ्यासकांचा गट उतरला असताना उद्रेक झाला. सहा संशोधक आणि तीन पर्यटक जागीच गेले. ३ जून १९९१ला जपानच्या उन्झेनवर ४३ माणसे मेली. त्यांत मोरिस आणि कातिया क्राफ्ट हे जगप्रसिद्ध ज्वालामुखी-अभ्यासक दांपत्यही होते. तिथे उपकरण राहिले की माणसाला राहावे लागत नाही, हा या साऱ्या खटाटोपाचा पहिला हिशेब आहे.

मित्रहो, आता मी आजच्या व्याख्यानाच्या मुद्द्यावर येतो. ज्वालामुखींची अवस्था सांगायला चार रंग वापरतात. हिरवा म्हणजे शांत. पिवळा म्हणजे नेहमीपेक्षा काही वेगळे चालू आहे. नारिंगी म्हणजे उद्रेकाची शक्यता वाढली आहे किंवा लहान उद्रेक सुरू आहे. लाल म्हणजे मोठा उद्रेक तोंडावर आहे किंवा चालू आहे. रेडाउटच्या त्याच उद्रेकाच्या काळात अलास्कात ही पद्धत सुरू झाली आणि पुढे जगभरच्या विमान वाहतुकीने ती उचलली.

पण अलास्काच्या यादीत काही डोंगरांपुढे कुठलाच रंग नसतो. नवखा माणूस विचारतो, हे शांत आहेत ना, मग यांना हिरवा का नाही दिला? त्याचे उत्तर मला या सबंध शास्त्रातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. हिरवा रंग द्यायचा तर त्या डोंगरावर पुरेशी उपकरणे हवीत, ती चालू हवीत, आणि ती शांतता दाखवत असली पाहिजेत. जिथे उपकरणे नाहीत किंवा बंद पडली आहेत, तिथे ‘शांत आहे’ म्हणण्याचा अधिकारच आपल्याला नाही. तिथे एवढेच म्हणता येते, ‘माहीत नाही’. म्हणून त्या डोंगराला रंग नाही.

‘शांत आहे’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन वाक्ये दुरून सारखीच ऐकू येतात. दोन्हींत बातमी काहीच नसते. पण त्यांच्यात जीवन-मरणाचे अंतर असू शकते. दोन उदाहरणे सांगतो.

ऑगस्ट २००८. अल्यूशियनमधल्या कासाटोची नावाच्या बारक्या बेटावर दोन पक्षी-अभ्यासक मुक्कामाला होते. तिथे समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत होती. बेटावर एकही भूकंपमापक नव्हता. जमीन हादरू लागली, गंधकाचा वास येऊ लागला. नोंद झाली ती सुमारे ४० किलोमीटरवरच्या दुसऱ्या ज्वालामुखीसाठी बसवलेल्या उपकरणांवर. शेजाऱ्याच्या घरी ठेवलेल्या घड्याळात आपल्या घरची वेळ बघावी तसे ते होते. धक्के वाढत गेले. ७ ऑगस्टला अडाक बेटावरून एक मासेमारी बोट निघाली, खवळलेल्या समुद्रातून तिथे पोहोचली आणि दोघांना घेऊन परतली. त्यानंतर थोड्याच वेळात बेट फुटले. त्यांची राहण्याची झोपडी, सारी हिरवळ आणि पक्ष्यांची वसाहत राखेखाली गाडली गेली. राखेच्या ढगामुळे पुढचे काही दिवस विमानांची उड्डाणे रद्द होत राहिली. शेजारच्या बेटावर उपकरणे नसती, तर ती बोट वेळेत निघाली असती का, याचा विचार तुम्हीच करा.

दुसरे उदाहरण एजकम्ब डोंगराचे. तो सिटका या गावापासून सुमारे २४ किलोमीटरवर आहे. शेकडो वर्षे गप्प, म्हणून त्याच्यावर उपकरण नव्हते. एप्रिल २०२२मध्ये तिथे बारीक भूकंपांचा झुबका उठला. तेव्हा संशोधकांनी उपग्रहांच्या रडारची मागच्या वर्षांची साठवलेली चित्रे काढली आणि एकमेकांवर ताडून पाहिली. कळले ते असे : डोंगर ऑगस्ट २०१८पासूनच फुगत होता, वर्षाला ८ सेंटिमीटरहून अधिक वेगाने. जवळजवळ चार वर्षे! शेजारच्या गावात लोक रोज त्याच्याकडे बघत होते, त्याचे फोटो काढत होते. त्याच्यामागचा सूर्यास्त बघत होते. पण बघणे आणि नोंद ठेवणे यांत फरक असतो. त्या चित्रांची कुणालाही तातडीची गरज नसताना ती कुणीतरी जपून ठेवली, म्हणून मागे जाऊन बघता आले. त्यानंतर त्या डोंगरावर उपकरणे बसली.

एखादी गोष्ट बिघडली हे कळायला ती धड असताना कशी होती याची नोंद लागते. डॉक्टर विचारतात ना, ‘एरवी तुमचे रक्तदाब किती असते?’ ज्याने कधी मोजलेच नाही, त्याच्याकडे उत्तर नसते. ज्वालामुखीचेही तसेच आहे. काही डोंगर रोज दहा भूकंप करतात आणि ते त्यांचे नेहमीचे असते. काहींचे दोन भूकंपही धोक्याचे असतात. कुठला डोंगर कसा, हे फक्त कंटाळवाण्या वर्षांच्या नोंदी सांगतात.

अर्थात नोंद असली की सगळे भागले, असे नाही. १३ नोव्हेंबर १९८५ला कोलंबियातला नेवादो देल रुईझ फुटला. उद्रेक तसा लहानच होता. पण त्याने माथ्यावरचा बर्फ वितळवला आणि चिखलाचा लोंढा दऱ्यांतून खाली सुटला. सुमारे अडीच तासांनी तो आर्मेरो गावावर आला. एकंदर सुमारे २३ हजार माणसे गेली. हे गाव डोंगरमाथ्यापासून ७०हून अधिक किलोमीटर दूर होते. तिथल्या लोकांना वाटे, आपला ज्वालामुखीशी काय संबंध! कोणत्या भागाला धोका आहे याचा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते. अडीच तास हातात होते. उंच जागेवर चढून जायला तेवढा वेळ पुरला असता. पण नकाशा कागदावर राहिला आणि इशारा माणसापर्यंत गेला नाही.

या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी, १९८६मध्ये, अमेरिकेने परदेशांतल्या ज्वालामुखींसाठी मदतपथक उभे केले. पाच वर्षांनी त्याची परीक्षा झाली. फिलिपिन्समधला पिनाटुबो सुमारे ५०० वर्षे गप्प होता. २ एप्रिल १९९१ला त्यातून वाफेचे स्फोट झाले. फिलिपिन्सच्या शास्त्रज्ञांनी आणि या पथकाने घाईघाईने उपकरणे बसवली. मे महिन्यात सल्फर डायऑक्साईड दोन आठवड्यांत दिवसाला ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला. शास्त्रज्ञांनी गावोगावी आणि अधिकाऱ्यांना चित्रफिती दाखवल्या, धोक्याचे टप्पे साध्या भाषेत ठरवून दिले. १० जूनला क्लार्क हा प्रचंड हवाई तळ रिकामा झाला. १५ जूनला विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा उद्रेक झाला, आणि त्याच दिवशी वादळही आले. काही शे माणसे दगावली, बहुतेक ओल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून. पण किमान ५ हजार जीव वाचले, असा त्यानंतरचा हिशेब आहे.

दोन्हीकडे शास्त्र साधारण सारखेच होते. फरक पडला तो सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास होता की नाही, यामुळे. आणि विश्वास संकटाच्या दिवशी तयार होत नाही. जो माणूस शांततेच्या काळातही नियमाने येऊन ‘आज सगळे ठीक आहे’ असे सांगत आला आहे, त्याचे ‘आज पळा’ लोक ऐकतात.

आता पैशाची बाजू. तीही सांगायला हवी, कारण आपल्यापैकी अनेक जण संस्थांचे विश्वस्त आहेत. डोंगर फुटला की नवीन उपकरणांना पैसे मिळतात. मंत्री येतात, फोटो निघतात. पण दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या उपकरणाची बॅटरी बदलायला हेलिकॉप्टरचे भाडे मागा, तिथे गाडी अडते. डोंगर गप्प आहे, मग खर्च कशाला? मग एक हिवाळा बॅटरीविना जातो, मग दुसरा. एक केंद्र बंद पडते, मग शेजारचे. आणि एक दिवस कुणीतरी यादीत त्या डोंगरापुढचा हिरवा रंग पुसून टाकतो. डोंगर होता तिथेच असतो. आपण मात्र ‘शांत आहे’वरून ‘माहीत नाही’वर आलेलो असतो. अलास्कातल्या काही डोंगरांच्या बाबतीत हे घडलेले आहे.

या कामात आपल्या देशाचाही हात लागला आहे, हे मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी सांगतो. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा उपग्रह उडाला. इस्रो आणि नासा यांनी तो मिळून बांधला आहे. त्यावर दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरींची रडार आहेत. तो दर १२ दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन दोनदा मोजतो, ढग असोत की रात्र असो. लांब लहरींचे रडार झाडीतूनही जमिनीपर्यंत पोहोचते, म्हणून जंगलाने झाकलेले डोंगरही आता मोजता येतील. एजकम्बसारखा कुणी गुपचूप फुगत असेल, तर तो पकडण्याची संधी वाढली. त्या चित्रांचा अर्थ लावायला माणसे लागतील. तुमच्यातल्या कुणाला गणित आवडत असेल आणि कंटाळा सहन करण्याची ताकद असेल, तर या कामाचा जरूर विचार करा. धाडस थोडे कमी असले तरी चालते. चिकाटी कमी असून चालत नाही.

शेवटी, पाहुण्याच्या नव्हे तर माजी विद्यार्थ्याच्या अधिकाराने एक सूचना करतो. आज सकाळी आपण सगळे प्रयोगशाळा पाहून आलो. मेळाव्याच्या निमित्ताने निधी जमतो आहे आणि नवीन काय घ्यायचे याची यादी तयार आहे. यादी उत्तम आहे. माझी विनंती एवढीच की जमलेल्या रकमेतला एक भाग बाजूला ठेवून त्याचे व्याज फक्त दुरुस्तीसाठी राखून ठेवावे. सूक्ष्मदर्शकाची भिंगे, बिघडलेल्या वजनकाट्या, संपलेली रसायने यांच्यासाठी. आणि मैदानाच्या कोपऱ्यात एक पर्जन्यमापक बसवावा. सातवीच्या मुलांनी रोज ठराविक वेळी पाऊस मोजावा आणि वहीत लिहावा. पाऊस नसेल त्या दिवशी ‘शून्य’ लिहावे. रकाना मोकळा सोडू नये. शून्य म्हणजे आम्ही पाहिले आणि पाऊस नव्हता. मोकळा रकाना म्हणजे कुणी पाहिलेच नाही. हा फरक ज्या मुलाला सातवीत कळला, त्याला शास्त्राचा निम्मा अभ्यास समजला असे मी मानतो. त्या वहीवर दात्याचे नाव येणार नाही, तिचे उद्घाटनही होणार नाही. पण तीस वर्षांनी ती वही या शाळेतली सर्वांत मौल्यवान वस्तू असेल.

पर्जन्यमापकाचा खर्च आमच्या तुकडीने उचलायचे काल रात्रीच ठरवले आहे. दुरुस्ती निधीची सुरुवातही आम्ही करतो. बाकीच्या तुकड्यांनी आपापले ठरवावे. जेवणाच्या पंगतीत आमचे खजिनदार पावतीपुस्तक घेऊन फिरणार आहेत, त्यांना चुकवू नये.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत. ही शांतता खरी होती की भुकेची, हे मोजायला माझ्याजवळ आत्ता उपकरण नाही.